दाजी, टॉर्च धरा!

कॅम्पर ट्रेलर विकत घेताना अमेरिकन माणूस काय काय बघतो, हे मिशिगनमधल्या एका विक्रेत्याच्या आवारात उभं राहून मी मनसोक्त पाहून घेतलं आहे. आधी तो पलंगावर पडून बघतो. फ्रिज उघडतो, ओव्हन उघडतो, नळ सोडतो. नळाला पाणी नसतं, तरी समाधानाने बंद करतो. बाथरूममध्ये शिरून, दार लावून, बसल्यावर गुडघे दाराला टेकतात का याची खात्री करून घेतो. प्लॅस्टिकची लाकडं आणि दिव्यांच्या ज्वाळा असलेली शेकोटी पेटवतो, म्हणजे तिचं बटण दाबतो. तोवर बायकोची कपाटं मोजून झालेली असतात आणि वरचा बंक कोणाचा यावरून मुलांची एक मारामारी उरकलेली असते. शेवटी बाहेर येऊन तो चाकाला एक लाथ घालतो. लाथेने चाकाविषयी काय कळतं कोण जाणे. पण जुनी जीप घेताना आपल्याकडेही घालतातच, तेव्हा काहीतरी कळत असणार. मग सही होते. ट्रेलरखाली वाकून बघणारा मात्र मला एकही दिसला नाही.

वाकून तरी काय दिसणार म्हणा! काळं प्लॅस्टिक. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं काळं, सपाट प्लॅस्टिक. याला अंडरबेली म्हणतात. ट्रेलर म्हणजे लोखंडी सांगाड्यावर बसवलेली आणि गाडीमागे ओढायची खोली. या सांगाड्याच्या तुळयांमधल्या जागेत तीन टाक्या असतात. एक वापरायच्या चांगल्या पाण्याची, दुसरी मोरीच्या पाण्याची, आणि तिसरी कशाची ते जेवताना कोणी काढत नाही. तिथले लोक त्यांना फ्रेश, ग्रे आणि ब्लॅक म्हणतात. टाक्यांच्या भोवती पाण्याच्या नळ्या, वायरी, भट्टीची गरम हवा नेणारा पाइप, आणि थंडी अडवायला फायबरग्लासची गुलाबी गादी. हा सगळा संसार खालून त्या काळ्या प्लॅस्टिकने झाकलेला असतो.

हे प्लॅस्टिक म्हणजे कोरोप्लास्ट. एका कंपनीचं नाव, पण आता सगळ्याच मालाला चिकटलेलं. पॉलिप्रॉपिलिनचे दोन पातळ थर, मधे बारीक बारीक पन्हाळी, जाडी साधारण ४ मिलिमीटर. निवडणुकीच्या दिवसांत अमेरिकन अंगणांतल्या हिरवळीवर उमेदवारांच्या नावांच्या पाट्या रोवलेल्या असतात, त्या याच मालाच्या. इंजिनिअर मंडळी त्याचे तीन गुण सांगतात. हलकं असतं, कुजत नाही आणि स्वस्त पडतं. चौथा गुण ती सांगत नाहीत, तो मी सांगतो. त्याच्या वर काय चाललं आहे ते खालून दिसत नाही. कारखानदाराला चौथा गुण पहिल्या तिन्हींपेक्षा प्रिय असावा, अशी मला दाट शंका आहे. अमेरिकेतले बहुतांश ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्खार्ट गावात आणि आसपास बनतात. २०२१ साली, कोविडने घरात कोंडलेल्या लोकांना रानाची ओढ लागली तेव्हा, अमेरिकन कारखान्यांतून सहा लाखांवर फिरत्या खोल्या बाहेर पडल्या. इतक्या घाईत बाहेर पडणाऱ्या खोलीचं पोट कोणी उघडून दाखवत नसतं.

त्या सहा लाखांतली एक आमच्या मेहुण्याने घेतली.

मेहुणा डेट्रॉईटजवळ मोटारींच्या धंद्यात आहे. नोकरीला लागल्यापासून तो मोटारीच्या दाराच्या बिजागरीवर काम करतो आहे, आणि बिजागरीबाहेरच्या जगाबद्दलही त्याला तितक्याच खात्रीची मतं आहेत. त्याच्या ट्रेलरच्या माहितीपत्रकात 'बंदिस्त आणि उबदार अंडरबेली' असे शब्द होते. बारमाही वापरासाठी, असंही होतं. तो दर उन्हाळ्यात चार मराठी कुटुंबांसोबत रानात जाऊन राहतो. सकाळी सात वाजता कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की आजूबाजूचे अमेरिकन लोक तंबूतून डोकं काढून आग कुठे लागली ते बघतात, इतपत त्यांचं निसर्गाशी जुळलेलं आहे.

ट्रेलरचं पोट फाटलं ते मॅकिनॅक पुलावर. मिशिगनचे दोन भूभाग जोडणारा हा पूल आठ किलोमीटर लांब आहे, खाली सरोवरांचं पाणी, आणि वाऱ्याला अडवायला कोणी नाही. पुलाच्या मधल्या दोन लेनना डांबर नाही, लोखंडी जाळी आहे. वारा खालून वर निघून जावा म्हणून ती तशी ठेवली आहे. तो गेला. जाताना ट्रेलरच्या पुढच्या कडेचं प्लॅस्टिक दोन स्क्रूंवरून सोडवून गेला. मागचा ट्रकवाला दिवे मारत होता, तेव्हा मेहुण्याला वाटलं, मिशिगनचे लोक किती प्रेमळ! त्याने हात बाहेर काढून दादही दिली. पूल उतरल्यावर पेट्रोलपंपावर थांबला तर पोटाचा पुढचा हात-दीड हात भाग जमिनीला लागून घासलेला, आणि मधला भाग गच्च फुगून खाली आलेला.

गणपतीच्या मांडवावरची ताडपत्री आठवा. पाऊस रात्रभर पडलेला, ताडपत्रीत मधोमध पाण्याची झोळी लोंबते आहे, आणि खाली उभ्या दहा कार्यकर्त्यांपैकी एकाला बांबूने ती ढोसायची आहे. कोणी ढोसायची यावर नऊ जणांचं एकमत असतं. तसं ते पोट दिसत होतं. फरक एवढाच की ताडपत्रीतलं पाणी पावसाचं आहे याबद्दल कार्यकर्त्यांना शंका नसते. इथे वर तीन टाक्या.

मी तेव्हा उन्हाळ्याला म्हणून मेहुण्याकडे गेलो होतो. विक्रेत्याने फोनवर सांगितलं, ट्रेलर आणून लावा, आठ आठवड्यांनी बघू, आणि कामाचे तासाला दीडशे डॉलरच्या वर पडतील. मेहुण्याने कागदावर गुणाकार केला आणि कागद बायकोला दिसायच्या आत फाडला. दुसऱ्या बाजूला त्यांच्या वसाहतीचा नियम असा, की घरासमोर ट्रेलर ४८ तासांवर उभा करायचा नाही. वसाहतीच्या कमिटीत एक बाई आहेत, त्यांना या नियमाखेरीज दुसरा छंद नाही. शुक्रवारी संध्याकाळी ट्रेलर आणायचा, रविवारी संध्याकाळच्या आत पोट शिवून रवाना करायचा, असा बेत ठरला. मदतीला शेजारचे आजोबा. हे मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, आणि त्यांच्याकडे उताणं झोपून गाडीखाली सरकायची चाकांची फळी होती. मेहुणा मला दाजी म्हणतो. आजोबांना ते माझं पाळण्यातलं नाव वाटलं. "गुड मॉर्निंग, डाजी!" असं ते मोठ्या आदराने म्हणत.

घरच्या कुठल्याही दुरुस्तीत एक जण काम करतो आणि एक जण टॉर्च धरतो. काम करणाऱ्याला पुढे कधीतरी काम येऊ लागतं. टॉर्च धरणाऱ्याची प्रगती होत नाही. फ्यूज बदलणाऱ्या वडिलांच्या मागे टॉर्च धरून ज्याने बालपण काढलं, तो साठीतही टॉर्चच धरतो आणि तेच ऐकतो: "तिकडे नाही हो, इकडे!" इकडे म्हणजे कुठे, हे सांगायला काम करणाऱ्याचा हात मोकळा नसतो, आणि तोंडात स्क्रू असतात.

ट्रेलरखाली शिरायचं म्हणजे आधी तो उचलायला हवा. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना चार पाय असतात. ते आतला माणूस कुशीवर वळला की खोली डुलू नये एवढ्यापुरते. वजन उचलायला नव्हेत. सहा हजार पौंडांचा, म्हणजे आपल्या हिशोबाने पावणेतीन टनांचा ऐवज डोक्यावर घ्यायचा तर चाकांना ठोकळे लावून, सांगाड्याच्या मुख्य तुळईखाली लोखंडी घोडे द्यावे लागतात. आजोबांनी हे काम इतक्या सावकाश, प्रत्येक घोड्याला दोनदा हलवून केलं, की मला त्यांच्याबद्दल एकदम विश्वास वाटू लागला. मेहुण्याने तेवढ्यात लॅपटॉपवर कामाचा तक्ता तयार केला. त्यात 'पोट फोडणे' याला पंधरा मिनिटं होती.

पोट फोडणे याला खरोखरच पंधरा मिनिटं लागली, पण त्यातली चौदा कोणी फोडायचं यात गेली. शेवटी आजोबांनी बाजूला उभं राहून लांब काठीला सुरी बांधली आणि सर्वांत खाली आलेल्या जागी टोचली. आधी नुसती धार. मग भसकन सगळं. पाणी मातकट, त्यात गुलाबी धागे. आम्ही तिघंही मागे सरलो आणि तिघांनीही एकाच वेळी नाक वर केलं. "बाटलीत घेऊन तपासायला पाठवू या का?" असं मेहुणा म्हणाला. आजोबांनी चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगितलं, टाकी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, नाक पुरतं. नाकाने निकाल दिला: तिसरी टाकी नव्हे. एवढं कळल्यावर दोन टाक्यांचा प्रश्न किती गौण वाटू लागतो, हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही.

या काळ्या प्लॅस्टिकची खरी गंमत इथे आहे. रस्त्यावरचं पाणी, चिखल, हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ यांतलं काही आत जाऊ नये म्हणून ते लावतात. आणि छतातून, खिडकीच्या कडेतून, नळाच्या ढिल्या जोडातून आतल्या आत झिरपलेलं पाणी बाहेर जाऊ नये, याची काळजीही तेच घेतं. बाहेरचं पाणी हळूच फटीतून आत येतं, आतलं बाहेर पडत नाही, आणि फायबरग्लासची गादी ते दोन्ही मनापासून पिऊन ठेवते. थंडी अडवायला बसवलेली गादी भिजली की थंडी धरून ठेवते. गॅलनभर पाणी ८.३ पौंडांचं, हिशोब मेहुण्याने लगेच तक्त्यात घातला आणि गेल्या वर्षी पेट्रोल जास्त का लागलं याचा उलगडा झाल्यासारखा चेहरा केला.

मग आत काय काय सापडलं! एल्खार्टचा भुसा, ओला होऊन लगदा झालेला. प्लायवुडचे चौकोनी तुकडे, कारण फरशीला भोक पाडल्यावर निघालेला तुकडा खाली पडतो आणि खाली काळं प्लॅस्टिक असल्यामुळे तो कोणालाच उचलावा लागत नाही. मूठभर स्क्रू. सुताराची चपटी पेन्सिल, दोन्ही टोकांनी तासलेली. आणि भट्टीच्या गरम पाइपाला टेकून, सगळ्यांत उबदार कोपऱ्यात, उंदराचं घर. गुलाबी फायबरग्लास बोटाबोटाने पिंजून केलेला गोल वाडगा, त्याला आतून पेपर नॅपकिनचं अस्तर, बाजूला ओकच्या फळांची रास. त्या राशीत दोन शेंगदाणे होते. शेंगदाणे ट्रेलरमधल्या चिवड्याचे असणार, कारण त्यांना हळद होती. 'बंदिस्त आणि उबदार' हे शब्द कोणासाठी छापले होते, हे त्या वाडग्याकडे बघून पटलं.

पावशेर वजन नसलेला हा प्राणी सहा मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. त्याच्या लेंड्या झाडायच्या नसतात. धुळीतून आजार होतो म्हणून आधी ब्लीचचं पाणी फवारून मग पुसून घ्यायच्या. मेहुण्याने पांढरा झगा, मास्क, गॉगल आणि हातमोजे चढवले. नेमका त्याच वेळी कऱ्हाडहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. पोराचा तो अवतार बघून त्यांचा पहिला प्रश्न होता, "परत आलाय का रे तो कोविड?" दुसरा, "तिथे गवंडी-सुतार कोणी मिळत नाही का?" आणि कॅमेरा खाली गेल्यावर तिसरा, जरा चढ्या आवाजात, "जावईबापूंना कशाला झोपवलंस गाडीखाली? लाज कशी वाटत नाही तुला!" जावईबापूंचं मन भरून आलं. जावईबापूंच्या कॉलरमध्ये त्या वेळी फायबरग्लास होता, त्यामुळे ते फार वेळ भरून राहू शकलं नाही. फायबरग्लासची खाज ही खाजकुयलीच्या घराण्यातली. गरम पाण्याने अंघोळ केली तर वाढते, आणि थंड पाण्याची अंघोळ तुम्हाला मिशिगनमध्ये जुलैतही नको असते.

झग्या-मास्कचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या तिघा वीरांना पृथ्वीवर उतरल्यावर ज्या खोलीत ठेवलं, ती याच जातीची होती. एअरस्ट्रीम कंपनीच्या ट्रेलरचं रूप पालटून, चाकं काढून, नासाने ती केली होती. चंद्रावरचा एखादा जंतू सोबत आला असलाच तर फटीतून निसटू नये म्हणून आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला. राष्ट्राध्यक्ष निक्सन स्वागताला हॉर्नेट नावाच्या युद्धनौकेवर आले, तेही काचेच्या अलीकडून बोलून गेले. म्हणजे चंद्रावरचा जंतू ट्रेलरमधून बाहेर पडू न देण्याची विद्या या देशाने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी कमावली. मिशिगनचा उंदीर आत येऊ न देण्याची अजून यायची आहे.

नवीन कोरोप्लास्टचे काळे तक्ते चार फूट बाय आठ फूट मिळतात, आणि ट्रेलर आठ फूट रुंद, ही दैवाने केलेली एकमेव सोय. तक्ते मेहुण्याच्या मोटारीच्या टपावर बांधून आणताना त्यांनी उडण्याची जी उत्सुकता दाखवली, तिच्यावरून ते कोणत्या कामासाठी जन्मले आहेत ते कळत होतं. एक तक्ता कमी पडला. आजोबा गराजमध्ये गेले आणि मागच्या दोन-तीन निवडणुकांच्या पाट्यांचा गठ्ठा घेऊन आले. दोन्ही पक्षांच्या. मतदान झालं की ते गल्लीभर फिरून या गोळा करतात. माल उत्तम असतो, असं त्यांचं लोकशाहीविषयी मत आहे. आपल्याकडे साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मुदत संपली की कांद्यावर किंवा झोपडीच्या छपरावर जातो. लोकनेते शेवटी लोकांच्या डोक्यावर छत्र धरतातच. इथे ते खालून थंडी अडवतात. स्वयंपाकघराच्या मोरीखाली एका पक्षाचा सिनेटर आणि दुसऱ्या पक्षाचा शेरीफ यांना आम्ही शेजारी शेजारी स्क्रूने पक्कं केलं. ते एकमेकांना इतकं घट्ट धरून राहिल्याचं उदाहरण वॉशिंग्टनमध्ये मिळणार नाही.

तक्ते मागून पुढे लावत यायचं असतं. पुढच्या तक्त्याची मागची कड मागच्या तक्त्याखाली गेली पाहिजे, नाहीतर धावत्या गाडीचा वारा सांध्यात शिरतो आणि मॅकिनॅकचा प्रयोग पुन्हा होतो. हे तिघांना मान्य होतं. पन्हाळी आडव्या ठेवायच्या की उभ्या, यावर मात्र बिजागरीतज्ज्ञ आणि फिटर यांच्यात असा वाद जुंपला, की माझा टॉर्च बोलणाऱ्याच्या तोंडावर जाऊ लागला. पन्हाळींची तोंडं टेपने बंद करायची असतात, नाहीतर मुंग्या भाड्याने राहायला येतात. आणि पॉलिप्रॉपिलिनला टेप चिकटत नाही. त्याच्या अंगचाच गुण तो. ती टेप मेहुण्याच्या झग्याला चिकटली, हातमोज्याला चिकटली, आजोबांच्या कोपरावरच्या केसांना चिकटली आणि तिथून निघाली तेव्हा आजोबांच्या तोंडून कारखान्यातले जुने शब्द निघाले. अल्कोहोलने पुसून, खरवडून, दाबून धरलं तेव्हा कुठे तिने तक्त्याला जवळ केलं.

स्क्रूचं तंत्र ऐकण्यासारखं आहे. स्वतःच भोक पाडत जाणारा स्क्रू, त्याच्या डोक्याखाली चांगला रुपयाएवढा वॉशर. वॉशर लहान घेतला तर स्क्रू तुळईत राहतो आणि प्लॅस्टिक त्याच्या डोक्यावरून निसटून खाली येतं; कारखान्यात नेमकं तेच झालं होतं. उताणं पडून, दोन्ही हात वर, एका हाताने ड्रिल पोलादात दाबायचं. लोखंडाचा गरम कीस बाहीतून काखेपर्यंत जातो. तक्ता वर दाबून धरायला गुडघे. योगवर्गात पवनमुक्तासनावर पैसे घालवणाऱ्यांनी एक ट्रेलर घ्यावा. पाण्याच्या नळ्या जिथून बाहेर येतात तिथल्या फटींत आधी पोलादी लोकर कोंबली, वर फुगणारा फोम मारला. फोम सांगितल्यापेक्षा दुप्पट फुगतो आणि हाताला लागला तर आठवडाभर निघत नाही. मेहुणा सोमवारी ऑफिसला हात खिशात घालून गेला.

रविवारी दुपारी चारला शेवटचा स्क्रू बसला. कमिटीच्या बाई कुत्रं फिरवायच्या निमित्ताने दोनदा येऊन घड्याळ बघून गेल्या होत्या. पोट सपाट, काळं, कुठे एक सुरकुती नाही. मेहुणा फळीवर पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत होता. बिजागरीत त्याला हे सुख कधी मिळालं नसावं.

"झकास," आजोबा म्हणाले. "आता भोकं पाडा."

मेहुण्याला ऐकू आलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा सांगितलं. आत कधीतरी पाणी शिरणारच. ते साचू नये म्हणून सर्वांत खालच्या जागी भोकं ठेवायची. अर्ध्या इंचाची. दोन दिवस फट फट बुजवण्यात घालवलेला माणूस हे ऐकून फळीसकट बाहेर आला. अर्धा इंच म्हणजे जवळजवळ १३ मिलिमीटर, त्यातून दोन उंदीर जोडीने जातील, असं त्याने लॅपटॉपवरचा तक्ता उघडून दाखवलं. पाच मिलिमीटरचं ठेवलं तर चिखलाने पहिल्याच पावसात बुजेल, असं आजोबांनी न उघडता सांगितलं. पाऊण तास चर्चा झाली, तेवढ्यात बाई तिसऱ्यांदा आल्या. शेवटी अर्ध्या इंचाचं भोक आणि त्यावर बारीक पोलादी जाळी, असा तह झाला.

मी टॉर्च धरला. मेहुण्याने जड मनाने ड्रिल लावलं. काळ्या प्लॅस्टिकचा एक गोल तुकडा टपकन त्याच्या गॉगलवर पडला, आणि त्याच्या मागोमाग एक थेंब. मग दुसरा. मग एक बारीक, संथ धार.

फळीवरून कोणी काही बोललं नाही. मग मेहुण्याने सावकाश मान वळवली.

"दाजी," तो म्हणाला, "सर्दीबिर्दी नाही ना तुम्हाला? जरा जवळ या."